ओट्यापलीकडची बर्डी

नागपुरातल्या सीताबर्डीच्या, म्हणजे बर्डीच्या, मेनरोडवर सकाळी साडेदहा-अकराच्या सुमाराला शटर वर जाऊ लागतात. व्हरायटी चौकाकडून लोहापुलाच्या दिशेनं चालत गेलं की दुकानादुकानासमोर एकच दृश्य दिसतं. कामावरचा पोरगा आतून झाडत झाडत बाहेर येतो. झाडू दुकानातून ओट्यावर, ओट्यावरून पायरीवर उतरतो आणि नालीच्या कडेला थांबतो. काल रात्रीचे तुटके हँगर, खोक्यांच्या प्लास्टिक पट्ट्या, चहाचे कागदी कप, शेंगांची टरफलं तिथवर येऊन पडतात. शेजारच्या दुकानातला झाडूही तिथंच थांबतो. मग ओट्यावर पाण्याचा शिडकावा, देवाला उदबत्ती आणि बोहणीची वाट. दोन ओट्यांच्या मध्ये साचलेला ढीग मात्र कोणाचाच नसतो. महापालिकेचा झाडू पहाटेच फिरून गेलेला असतो आणि बाजाराचा कचरा निघतो त्यानंतर.

बर्डीच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ नालीच्या त्या कडेला आहे. दुकानाच्या आत एसी आहे, काचा लखलखीत आहेत, माल मुंबई-सुरतेच्या तोडीचा आहे. पायरी उतरली की गाडी लावायला जागा नाही, चालायला फूटपाथ नाही. बायकांसाठी स्वच्छतागृह शोधावं लागतं आणि डोक्यावर तारांचा गुंता लोंबत असतो. यातलं काहीच एकट्या दुकानदाराच्या आवाक्यातलं नाही, आणि महापालिकेच्या यादीत बर्डीच्या आधी-नंतर अख्खं शहर आहे.

अशा जागेचं काय करायचं, हा प्रश्न फक्त नागपूरचा नाही. कॅनडातल्या टोरांटोमध्ये 1970 साली दुकानदारांनीच त्यावर एक तोड काढली. ती पुढं अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, दक्षिण आफ्रिकेपर्यंत पसरली. तिचं रूढ नाव बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट, थोडक्यात बीआयडी. पण हा लेख टोरांटोचं कौतुक करायला लिहिलेला नाही. या कल्पनेची सख्खी मोठी बहीण आपल्या विदर्भात सव्वाशे वर्षांहून जास्त काळ नांदते आहे, आणि बर्डीच्या व्यापाऱ्यांनी आधी तिच्याकडं पाहावं, एवढंच मला सांगायचं आहे.

किल्ल्याखालचा बाजार

गोंड राजा बख्त बुलंद शाहनं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नागपूर वसवलं. भोसल्यांच्या काळात शहराचा सगळा व्यवहार महाल आणि भोवतालच्या पेठांत चालायचा. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी, मंगळवारी या नावांतच जुन्या आठवडी बाजारांचे पत्ते आहेत. या पेठांच्या पोटात पुन्हा ओळी आल्या: किराणा ओळ, सराफा ओळ, लोहा ओळ, मूर्तिकारांची चितार ओळ. एका धंद्याची माणसं एका ओळीत बसत. उधारीची मुदत, सुट्टीचा दिवस, गणपतीची वर्गणी अशा गोष्टी ओळीतच ठरत आल्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी याच पेठांतून काळी आणि पिवळी मारबत निघते, आणि एवढा मोठा उत्सव लोकवर्गणीवर पार पडतो. एकत्र येऊन पैसा उभा करणं या बाजाराला कोणी नव्यानं शिकवायला नको.

सीताबर्डी तेव्हा शहराबाहेरची टेकडी होती. नोव्हेंबर 1817 मध्ये तिथं आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेशी इंग्रजांची लढाई झाली आणि टेकडीवर इंग्रजांचा किल्ला उभा राहिला. 1867 मध्ये रेल्वे आली. रुळांच्या एका अंगाला जुनं शहर राहिलं, दुसऱ्या अंगाला बर्डी आणि सिव्हिल लाइन्स वाढल्या. 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. मध्य प्रांताची राजधानी, कचेऱ्या, कॉलेजं, कोर्ट यांच्यामुळे पगारदार गिऱ्हाईक बर्डीच्या बाजूला राहायला आलं. ठोक माल इतवारीत आणि गांधीबागेत, चिल्लर विक्री बर्डीत, अशी वाटणी होऊन गेली. 1956 मध्ये राजधानीपण गेलं, तरी ही वाटणी टिकली.

त्यानंतर बर्डीवर जे जे आलं ते बाहेरून ठरून आलं. दर हिवाळ्यात विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, मोर्चे मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटवर अडवले जातात, आणि ऐन लग्नसराईत बाजाराचे रस्ते बंद होतात. 2000 च्या आगेमागे आयुक्त टी. चंद्रशेखर यांच्या कारकिर्दीत शहरातले रस्ते धडाक्यानं रुंद झाले. जुन्या भागात मात्र केळीबाग रोड आणि जुना भंडारा रोड यांच्या रुंदीकरणाची रखड दोन दशकांहून जास्त चालली. 7 मार्च 2019 रोजी मेट्रो सुरू झाली, 11 डिसेंबर 2022 रोजी पहिला टप्पा पूर्ण झाला, आणि दोन्ही मार्गिका एकमेकींना भेटतात ते स्टेशन नेमकं सीताबर्डीचं आहे. दूरच्या वस्त्यांतली माणसं आता थेट बाजाराच्या तोंडाशी उतरतात. त्यांच्या स्वागताला सरकत्या जिन्याच्या खाली ई-रिक्षांची गर्दी असते आणि पुढं दुचाक्यांच्या रांगांतून वाट काढायची असते.

मॉल आणि मेंटेनन्स

एम्प्रेस मिल 2002 मध्ये कायमची बंद पडली आणि तिच्या जागेवर मॉल उभा राहिला. व्हरायटी चौकातही मॉल आला. व्यापारी म्हणतात, मॉलनं गिऱ्हाईक पळवलं. पण मॉलमध्ये असतं काय? दुकानं तीच, माल पुष्कळदा तोच, भाव चढेच. जास्तीचं असतं ते दुकानाबाहेर: गाडीला जागा, बसायला बाक, स्वच्छतागृह, दाराशी पहारेकरी, दिवाळीत छतापर्यंत रोषणाई. हे फुकट मिळत नाही. मॉलमधला प्रत्येक गाळेधारक भाड्याशिवाय चौरस फुटाच्या हिशोबानं मेंटेनन्स भरतो. त्यातून सगळ्यांच्या मधली जागा सांभाळली जाते. पैसे न भरणाऱ्याला तिथं दुकान चालवताच येत नाही.

रस्त्यावरच्या बाजाराला हा मेंटेनन्स वसूल करता येत नाही. व्यापारी संघटना असते, तिची वर्गणीही असते. पण शंभरातले साठ देतात, चाळीस देत नाहीत, आणि दिवे लागले की उजेड शंभरांच्याही दुकानावर पडतो. दुसऱ्या वर्षी त्या साठांतले वीस म्हणतात, आम्हीच का? तिसऱ्या वर्षी पावती बुक कपाटात जातं. ज्यानं म्हणून बाजारपेठेची संघटना चालवली आहे, त्याला हा अनुभव पाठ असतो.

टोरांटोच्या ब्लूर रस्त्यावरच्या दुकानदारांचंही असंच झालं. 1964 मध्ये शहराच्या उत्तरेला यॉर्कडेल नावाचा मोठा मॉल उघडला. 1966 मध्ये ब्लूर रस्त्याखालून भुयारी रेल्वे धावू लागली आणि दोन वर्षांत ती आणखी पश्चिमेला गेली. पूर्वी ट्रामच्या खिडकीतून दुकानं बघत जाणारं गिऱ्हाईक आता जमिनीखालून निघून जाऊ लागलं. दुकानदारांनी वर्गणी काढून पाहिली, पण न देणाऱ्यांपुढं ती टिकेना. शेवटी त्यांनी सरकारला सांगितलं की आमच्यावर कर लावा. मात्र तो आमच्या रस्त्यावरच आणि आम्ही सांगू त्याच कामासाठी खर्च करा. त्यासाठी कायदा झाला आणि 1970 मध्ये ब्लूर वेस्ट व्हिलेज हा जगातला पहिला असा भाग जाहीर झाला. त्यांनी पहिली कामं घेतली ती साधीच: दिवे, झाडं, बाक, फुलांच्या कुंड्या.

मतदानानं ठरणारा कर

या व्यवस्थेचा सांगाडा बहुतेक देशांत सारखाच आहे. आधी नकाशावर हद्द आखायची. हद्दीतल्या व्यापाऱ्यांनी किंवा मालमत्ताधारकांनी पाच-सात कामांचा आराखडा आणि त्याचा खर्च मांडायचा. त्यावर मतदान घ्यायचं. मंजूर झाला तर कर सगळ्यांना सक्तीचा, विरोधात मत देणाऱ्यालाही. वसुली महापालिका करते, पण पैसा बाजाराच्या मंडळाच्या खात्यात जातो. महापालिकेनं आधी जेवढी सफाई, जेवढे दिवे दिले तेवढे द्यायचेच. मंडळाचं काम त्याच्यावरचं.

ब्रिटननं 2003 मध्ये कायदा केला आणि 2005 मध्ये लंडनमधल्या किंग्स्टनमध्ये पहिला प्रयोग सुरू झाला. आता तिथं तीनशेहून जास्त बीआयडी आहेत. ब्रिटिश कायद्यात दोन चाळण्या आहेत. मतदान करणाऱ्यांत संख्येनं बहुमत पाहिजे आणि त्यांच्या मालमत्तेच्या करपात्र मूल्यातही बहुमत पाहिजे. म्हणजे चार मोठ्या शोरूमवाल्यांना छोट्यांवर निर्णय लादता येत नाही, आणि छोट्यांच्या गर्दीला मोठ्यांच्या खिशात परस्पर हात घालता येत नाही. मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं. नंतर पुन्हा मतदान. काम दिसलं नाही तर व्यापारी मंडळ मोडीत काढतात, आणि तसं घडलेलंही आहे. कर साधारण करपात्र मूल्याच्या एक-दोन टक्क्यांच्या घरात असतो. अगदी लहान दुकानांना अनेक ठिकाणी सूट असते.

न्यूयॉर्कमध्ये सत्तरहून जास्त बीआयडी आहेत. तिथं कर मालमत्तेवर असतो. मॅनहॅटनमधल्या ब्रायंट पार्कचं उदाहरण नेहमी दिलं जातं. सत्तरच्या दशकात हा बगीचा अमली पदार्थ विकणाऱ्यांचा अड्डा झाला होता. आसपासच्या इमारतवाल्यांच्या पैशातून चालणाऱ्या संस्थेनं कुंपणासारखी वाढलेली झुडपं कमी केली, वाटा वाढवल्या आणि हलवता येतील अशा हलक्या खुर्च्या मांडल्या. 1992 मध्ये तो पुन्हा उघडला, तेव्हापासून दुपारच्या जेवणाला तिथं गर्दी असते. पहाऱ्याचाही उपयोग झाला, पण शेजारच्या दुकानांचा आणि कचेऱ्यांचा भाव वाढला तो या गर्दीनं.

बाकी रोजची कामं कंटाळवाणी असतात आणि खरी किंमत त्यांचीच असते. दुपारची दुसरी सफाई. बंद दिव्याची तक्रार करून तो लागेपर्यंत पाठपुरावा. रिकाम्या गाळ्यांची यादी. कोणत्या वेळी किती माणसं रस्त्यावरून जातात त्याची मोजणी. सगळ्या दुकानांसाठी कचरा उचलण्याचा एकत्रित ठेका. सणासुदीची रोषणाई आणि जाहिरात. एखादा खड्डा खणला जाणार असेल तर आधी कळवणारा माणूस. या माणसाला पगार असतो. तो दुकान सोडून फावल्या वेळात सचिवपण करत नाही. वर्गणीवरच्या संघटनेत आणि बीआयडीत मोठा फरक पडतो तो या पगारी माणसामुळे.

कारंज्याची वाट

आता विदर्भात येऊ. कापसाच्या तेजीनं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाडची गावं श्रीमंत झाली आणि वजन-मापाची, दलालीची, अडतीची भांडणंही वाढली. 1886 मध्ये कारंज्याला कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. आजच्या वाशीम जिल्ह्यातलं हेच कारंजा लाड. देशातला हा पहिला नियंत्रित शेतमाल बाजार मानला जातो. 1897 मध्ये वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. बाजाराची हद्द ठरली, परवाने आले, व्यवहारावर शुल्क आलं आणि कारभाराला समिती आली.

हद्द, शुल्क, समिती. टोरांटोच्या सांगाड्यात आणखी काय आहे? पुढं महाराष्ट्रात 1963 च्या कायद्यानं या बाजार समित्यांना आजचं रूप आलं. नागपूर बाजार समितीच्या कळमन्याच्या यार्डात जाऊन पाहिलं की हे लगेच ध्यानात येतं. खरेदीदार शेकड्याला रुपयाच्या आसपास सेस भरतो. त्यातून शेड, रस्ते, वजनकाटा, दिवे, पहारा, पाणी यांचा खर्च निघतो. इतवारीतला जो धान्याचा व्यापारी रस्त्याच्या दिव्याला वर्गणी द्यायला कुरकुरतो, तोच कळमन्यात सेस बिनबोभाट भरतो. तिथं सगळेच भरतात आणि शेड डोळ्यांसमोर उभी असते.

कारंज्याच्या वाटेवरचे काटेही पाहून घ्यावेत. 1897 च्या कायद्यातल्या समितीत नगरपालिकेची आणि व्यापाऱ्यांची माणसं होती. ज्याचा कापूस विकला जात होता त्या शेतकऱ्याला खुर्ची नव्हती. बाजाराच्या शिलकीकडं नगरपालिकेचं उत्पन्न म्हणून पाहिलं गेलं. 1928 मध्ये शेतीविषयक रॉयल कमिशननं या उणिवांवर बोट ठेवलं. त्याच सुमाराला, 1927 च्या मुंबई इलाख्याच्या कापूस बाजार कायद्यानं शेतकऱ्याला प्रतिनिधित्व दिलं होतं. स्वातंत्र्यानंतर समित्या पसरल्या आणि त्यांच्या निवडणुका आमदारकीची पहिली पायरी झाल्या. संचालकपद म्हणजे राजकीय वतन, अशी अवस्था कित्येक ठिकाणी आली.

यातून बर्डीसाठी तीन गोष्टी निघतात. पैसा जिथं गोळा होतो तिथंच राहिला पाहिजे. ज्याचं पोट बाजारावर आहे त्या प्रत्येक गटाला खुर्ची पाहिजे. आणि समितीला मुदत पाहिजे, म्हणजे तिचं वतन होणार नाही.

कर गेला, नातंही गेलं

पैसा तिथंच राहण्याचा मुद्दा नागपूरच्या व्यापाऱ्याला वेगळा पटवावा लागत नाही. त्याचं आणि महापालिकेचं नातं जकातीचं होतं. माल नाक्यावर आला की पैसे, असा तो रोखठोक व्यवहार. 1 एप्रिल 2013 पासून नागपुरात जकातीच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला आणि राज्यभरातल्या व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध बाजार बंद ठेवले. ऑगस्ट 2015 मध्ये पन्नास कोटींच्या आतल्या उलाढालीला त्यातून सूट मिळाली आणि 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आल्यावर तो विषयच संपला. जकात गेली याचं कोणाला दुःख नाही. पण व्यापार वाढला की शहराच्या तिजोरीत थेट भर पडते, हा धागा तिच्याबरोबर तुटला. आता महापालिकेला राज्याकडून भरपाई मिळते. बर्डीत दिवाळीला दुप्पट धंदा झाला काय आणि निम्मा झाला काय, झोन कार्यालयाच्या खात्यात फरक पडत नाही.

उरला मालमत्ता कर. त्याच्या बिलावर सर्वसाधारण करापासून वृक्ष उपकरापर्यंत ओळी असतात. दुकानांच्या बिलावर आणखी एक ओळ असते, रोजगार हमी उपकराची. ती ओळ महत्त्वाची आहे. 1972 च्या दुष्काळानंतर गावच्या माणसाला काम देण्यासाठी महाराष्ट्रानं शहरातल्या व्यवहारांवर कर बसवला, 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा केला आणि त्या विशिष्ट कामासाठी पैसा वेगळा ठेवण्याची पद्धत घालून दिली. ज्या राज्याला बर्डीच्या गाळ्यावरचा उपकर बुलढाण्याच्या बांधबंदिस्तीसाठी जमवता येतो, त्याला बर्डीच्या गाळ्यावरचा उपकर बर्डीच्या फूटपाथसाठी जमवता येणार नाही, असं कसं म्हणायचं?

कायद्याची अडचण आहेच. नागपूर महापालिका आज 1949 च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाखाली चालते. महापालिकेनं कोणते कर लावावेत ते त्यात ठरलेलं आहे, आणि एका बाजारापुरता, तिथल्याच मतदानानं ठरणारा कर त्यात नाही. दुरुस्ती विधिमंडळालाच करावी लागेल. ते विधिमंडळ दरवर्षी हिवाळ्यात बर्डीपासून हाकेच्या अंतरावर भरतं.

पैसे भरायचे कोणी?

इथं अमेरिकेची नक्कल चालणार नाही. न्यूयॉर्कमध्ये कर मालकावर असतो, कारण तिथं मालकाला बाजारभावानं भाडं मिळतं. महाल, इतवारी, बर्डीत पुष्कळ गाळे पगडीचे आहेत. विदर्भात 1949 चा मध्य प्रांत-वऱ्हाड भाडेनियंत्रण आदेश लागू होता. 1999 चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आल्यावर त्याची जागा या कायद्यानं घेतली. दोन्हींत जुन्या भाडेकरूला भक्कम संरक्षण मिळालं. त्यामुळं आजोबांच्या काळच्या भाड्यावर नातू शोरूम चालवतो आणि इमारतीच्या मालकाला त्या भाड्यात जिन्याची डागडुजीही परवडत नाही. अशा मालकावर रस्त्याच्या सुधारणेचा कर बसवला तर तो कोर्टात जाईल, आणि त्याचं म्हणणं चुकीचं ठरणार नाही. रस्ता सुधारला की फायदा गल्ल्यावर बसणाऱ्याला, म्हणून कर आणि मत दोन्ही त्याच्याकडे. ब्रिटनमध्ये नेमकं तसंच आहे. आपल्याकडच्या भाड्याच्या गुंत्याला तीच पद्धत शोभेल.

आता रकमेचा अंदाज. समजा एका पट्ट्यात 500 दुकानं आहेत आणि सरासरी महिना 500 रुपये ठरले. महिन्याला अडीच लाख, वर्षाला 30 लाख. महिना पंधरा हजारांवर दहा माणसं ठेवली तर दीड लाख गेले. तेवढ्यात दुपारी आणि रात्री सफाई होते, दोन माणसं गाड्या नीट लावून घेतात, एक स्वच्छतागृह दिवसभर चालू राहतं. उरलेल्या लाखात एक पगारी व्यवस्थापक, दिव्यांची देखभाल आणि दिवाळीची रोषणाई बसते. दुकानामागं हे दिवसाला सोळा-सतरा रुपये झाले. एवढ्यात उड्डाणपूल होत नाही की वाहनतळ बांधला जात नाही. ती कामं महापालिकेचीच, आणि ती महापालिकेकडून करून घेणं हे मंडळाचं काम.

ही मर्यादा 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपूरनं पाहिली आहे. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीचं पाणी वस्त्यांत, मोरभवनच्या बसस्थानकात, बर्डीच्या अंगाच्या दुकानांत शिरलं. तळघरातला माल रात्रीत चिखल झाला. बाजाराचं मंडळ असतं तर नाल्या पावसाआधी साफ करून घेतल्या असत्या, धोक्याचा निरोप दुकानदारांच्या फोनवर गेला असता, नुकसानीची एकत्र यादी दुसऱ्या दिवशी तयार असती. तलावाचा सांडवा मात्र त्याच्या हातात कधीच नसता.

फेरीवाल्याची खुर्ची

बर्डीत संध्याकाळी पाचनंतर ओट्याच्या खाली दुसरा बाजार भरतो. टी-शर्टचे ढीग, मोबाइलची कव्हरं, कानातली, चादरी, दिवाळीत पणत्या आणि आकाशकंदील. यावर व्यापारी संघटना एक बोलतात आणि बाजारात दुसरंही ऐकू येतं. संघटना म्हणतात, फेरीवाल्यांनी रस्ता गिळला, भाडं नाही, कर नाही, आणि गिऱ्हाईक आमच्या दारातून अडवून नेतात. बाजारात असंही ऐकू येतं की काही ओट्यांसमोरची जागा खुद्द दुकानवालाच रोजावर देतो. अतिक्रमण पथकाची गाडी आली की कापडाची गाठोडी गल्लीत पळतात आणि ती गेली की अर्ध्या तासात परत मांडली जातात. प्रकरण अनेकदा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं, तरी रोजचं दृश्य तेच आहे.

परदेशातल्या बीआयडींवरची सर्वांत गंभीर टीका इथंच लागू होते. रस्ता सगळ्यांचा, पण चावी पैसे भरणाऱ्यांच्या हातात गेली की गरीब माणूस आधी हटवला जातो. न्यूयॉर्कमध्ये बेघरांच्या बाबतीत हे आरोप झाले. केपटाऊनमध्ये 2000 साली मध्यवर्ती भागासाठी असंच मंडळ आलं; त्याचा मोठा खर्च सुरक्षेवर असतो. पण त्यानं बेघरांसाठी समाजसेवकही पगारावर ठेवले.

आपल्याकडं तर कायदाच फेरीवाल्याच्या बाजूनं उभा आहे. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहर फेरीवाला समितीत किमान 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडलेले हवेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला. सर्वेक्षण झाल्याशिवाय कोणाला उठवता येत नाही. बर्डीचं मंडळ झालं आणि त्यात फक्त गाळेधारक बसले, तर 1897 च्या समितीनं शेतकऱ्याला बाहेर ठेवून केलेली चूक आपण जशीच्या तशी पुन्हा करू. नोंदणीकृत फेरीवाल्यानंही छोटा कर भरावा, त्याबदल्यात आखलेली जागा, वीज, कचऱ्याची सोय आणि मंडळात मत घ्यावं. ज्यानं पावती फाडली आहे त्याला पळायची गरज उरणार नाही. आणि ओटा रोजावर देणाऱ्याचा धंदा आपोआप बसेल. कदाचित म्हणूनच काहींना ही कल्पना आवडणार नाही.

जवळचे धडे

मुंबईत सीएसएमटीपासून हुतात्मा चौकापर्यंतच्या दादाभाई नौरोजी रोडवर दुकानांच्या पाट्यांनी जुन्या इमारतींच्या कमानी झाकून टाकल्या होत्या. 1990 च्या दशकाच्या अखेरीला वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी पाट्यांची नियमावली तयार केली आणि दुकानदारांनी स्वतःच्या खर्चानं पाट्या उतरवून कमानीच्या आत बसवल्या. युनेस्कोनं त्या कामाची दखल घेतली. तिथून जवळच 1998 मध्ये काळा घोडा असोसिएशन उभी राहिली. 1999 पासून तिचा कला महोत्सव भरतो आणि त्याचा पैसा परिसराच्या जतनाला लागतो. दोन्ही प्रयोगांना करवसुलीचा अधिकार नव्हता. लोक जवळ आले, कारण काम एका रस्त्यापुरतं होतं आणि डोळ्यांना दिसत होतं. पुण्यात लक्ष्मी रोडवर 2021 पासून 11 डिसेंबरला वाहनं बंद ठेवून पादचारी दिन पाळतात. वर्षातला एक दिवस रस्ता चालणाऱ्यांचा होतो, उरलेल्या 364 दिवसांना धनी नाही.

दिल्लीचा चांदणी चौक उलटा धडा देतो. लाल किल्ल्यापासून फतेहपुरीपर्यंतचा रस्ता सरकारनं नव्यानं बांधला, लाल दगडाची फरशी घातली, दिवसा मोटारी बंद केल्या आणि सप्टेंबर 2021 मध्ये तो खुला झाला. थोड्याच काळात खांब तुटल्याच्या, वाहनं घुसल्याच्या, अस्वच्छतेच्या तक्रारी सुरू झाल्या. बांधायला एक यंत्रणा होती, सांभाळायला अनेक खाती. नागपुरातही सुशोभीकरणाच्या निविदा निघतील, फरशा बसतील, दिव्यांचे नक्षीदार खांब येतील. 1936 च्या कायद्यानं आलेली नागपूर सुधार प्रन्यास आहे, महापालिका आहे, मेट्रो आहे. बांधणाऱ्यांची वाण नाही. महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपल्यावर कित्येक वर्षं प्रशासकाचा कारभार चालला, तेव्हा तर तक्रार घेऊन जायला नगरसेवकही नव्हता.

बर्डीच्या, इतवारीच्या, सदरच्या व्यापारी मंडळींना म्हणून एक विनंती. कायद्याची दुरुस्ती होईल तेव्हा होईल. 1944 पासूनचं नाग विदर्भ चेंबर ऑफ कॉमर्स तुमच्याकडं आहे. येत्या अधिवेशनात त्या दुरुस्तीचं निवेदन त्यानं द्यावं. पण एका ओळीचा नकाशा काढायला, तिथल्या दुकानांची आणि फेरीवाल्यांची यादी करायला, खर्चाचा आराखडा लिहायला आणि त्यावर गुप्त मतदान घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही. पहिली निवड शंभर दुकानांच्या एखाद्या गल्लीची करा, अख्ख्या मेनरोडची नको. एक वर्ष तिथं दुपारची सफाई, गाड्यांची शिस्त आणि एक चालू स्वच्छतागृह एवढंच करून दाखवा; हिशोब दर महिन्याला गल्लीच्या तोंडाशी फळ्यावर लावा. त्या फळ्यावर फेरीवाल्याच्या वर्गणीचाही आकडा असू द्या. एवढं झालं तर सरकारकडं कायदा मागताना हात रिकामे नसतील. आणि हेही जमत नसेल, तर मॉलनं गिऱ्हाईक पळवलं ही तक्रार यापुढं बंद करावी.